आजोबांची हत्यारांची पेटी: आधी ओळख, मग सफाई

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात सुतार होते. गावच्या घरी त्यांची लाकडी पेटी सापडली. त्यात 'स्टॅनले' आणि 'नं. 5' अशी अक्षरं असलेला एक लोखंडी रंधा, एक लाकडी रंधा, पाच-सहा पटाश्या, मुठीवर पितळी पदक असलेली करवत आणि एक वाकस (लाकूड तासायचं हत्यार) आहे. सगळ्यावर गंज चढलाय. ही हत्यारं कुठली, किती जुनी, गंज कसा काढायचा, ती पुन्हा चालतील का आणि विकावीत का, हे तुम्हाला हवं आहे. सोबत काही फोटोही पाठवलेत.

सगळ्यात आधी सांगतो, अजून काहीही घासू नका. तारेचा ब्रश, ग्राइंडर, पॉलिशचं चाक, सगळं बाजूला ठेवा. जुन्या हत्याराची ओळख त्याच्या पृष्ठभागावर असते: फिकट छाप, रंगाचा उरलेला पापुद्रा, पात्यावरची पुसट नक्षी, मुठीवर पंचने ठोकलेली अक्षरं. उत्साहाच्या भरात एका दुपारी घासून काढलेली ही माहिती पुन्हा मिळत नाही. बाजारात चकचकीत करून विकायला ठेवलेले रंधे मी उचलतो आणि बहुतेक वेळा खाली ठेवतो. कडा गोल झालेल्या असतात, छाप अर्धा उडालेला असतो आणि पात्याचं पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरलेलं असतं.

म्हणून पहिलं काम फोटोंचं. प्रत्येक हत्यार खिडकीजवळ ठेवा आणि तिरप्या उजेडात सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. समोरून पडणाऱ्या उजेडात न दिसणारी अक्षरं तिरप्या उजेडात उठून दिसतात. जिथे छाप असावा असं वाटतं तिथे रॉकेलचा बोळा हलक्या हाताने फिरवा. एवढ्याने मळ निघतो आणि गंजाचा थर जागेवर राहतो.

आता स्टॅनलेच्या रंध्याकडे वळू. या रंध्याची मूळ रचना लेनर्ड बेली या अमेरिकन माणसाची. 1869 मध्ये स्टॅनले कंपनीने त्याचे हक्क घेतले, आणि कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटन गावी हे रंधे ओतले जाऊ लागले. नं. 5 म्हणजे सुमारे 14 इंच लांब, 2 इंची पात्याचा, सगळ्या कामांना उपयोगी पडणारा रंधा. नं. 4 हा छोटा, शेवटचा हात फिरवायचा. नं. 7 हा 22 इंची, लांब फळीची कड सरळ करायचा.

वय ठरवताना पात्यावरच्या छापावर विसंबू नका. पातं झिजतं, बदललं जातं. दुसऱ्या मोडक्या रंध्यातलं पातं यात आणि यातलं तिसऱ्यात, असं कारखान्यात नेहमी चालायचं. खरं वय ओतीव अंगात असतं. पातं आणि त्याखालचा फ्रॉग (पात्याला आधार देणारा तुकडा) काढा आणि तिथल्या सपाट जागी पेटंटच्या तारखा आहेत का ते पाहा. 1902 च्या दोन तारखा असतील तर रंधा त्या दशकातला. त्यांच्या जोडीला एप्रिल 1910 ची तिसरी तारीख असेल तर साधारण 1910 ते 1918. फक्त 1910 ची एकच तारीख असेल तर पहिल्या महायुद्धानंतरचा. एकही तारीख नसेल आणि पुढच्या मुठीच्या बुडाशी ओतकामातच उठावाचं कडं असेल, तर 1930 च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा. पातं दाबून धरणाऱ्या लीव्हर कॅपमधलं भोकही बघा. किल्लीच्या भोकासारखं असेल तर रचना जुनी, आणि मूत्रपिंडाच्या आकाराचं असेल तर 1933 नंतरची. पात्यावर हृदयाच्या आकारात 'एस डब्ल्यू' (स्टॅनले वर्क्स) अशी अक्षरं दिसली तर ते पातं साधारण 1920 ते 1935 च्या काळातलं. ते हृदय म्हणजे कंपनीचे प्रमुख विल्यम हार्ट यांच्या नावाची खूण आहे.

तुमच्या फोटोत मागच्या मुठीजवळ 'मेड इन इंग्लंड' असं अंधुक वाचता येतं. ते बरोबर असेल तर प्रश्न बराच सुटला. स्टॅनलेने 1936-37 च्या सुमारास शेफिल्डमधली जे. ए. चॅपमन ही कंपनी घेतली आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये रंधे बनू लागले. आपल्याकडे मिळणारे बरेचसे स्टॅनले रंधे याच इंग्लिश घराण्यातले. आजोबांच्या नोकरीचा काळ तुम्ही चाळीस-पन्नासच्या दशकांतला सांगता, त्याच्याशी हे जुळतं. याच काळातला दुसरा शेफिल्डी रंधा म्हणजे 'रेकॉर्ड'. त्याचं अंग निळं आणि आकड्यांच्या आधी शून्य: 04, 05, 07. ते रंधे 1931 पासूनचे. कामाला दोन्ही उत्तम, आणि मला स्वतःला रेकॉर्डचं ओतकाम जरा जास्त भरीव वाटतं.

रंध्यावर किंवा पटाश्यांवर 'जीआयपीआर' असा ठसा शोधा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1951 मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे तो ठसा असलेली वस्तू त्याआधीची. बाणाच्या पंजासारखी तीन रेघांची खूण दिसली तर माल सरकारी, बहुधा लष्करी भांडाराचा. त्या खुणेला इंग्रजी 'आय' हे अक्षर जोडलेलं असेल तर तो हिंदुस्थानातल्या भांडाराचा. असा ठसा असलेली वस्तू घरात कशी, म्हणून संकोच वाटून घेऊ नका. मोडीत काढलेला माल लिलावात विकला जायचा आणि तिथून कारागिरांच्या हाती यायचा. आणि हे ठसे कृपा करून घासू नका. माटुंग्याला रेल्वेचे डबे बांधले आणि दुरुस्त केले जात, आणि चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यातून 1955 पासून पूर्ण पोलादी डबे यायला लागेपर्यंत डब्यात सागवानाचं काम भरपूर असायचं. त्या कामाचा हा पुरावा आहे.

लाकडी रंध्याचं नाव पुढच्या तोंडावर, म्हणजे लाकडाच्या आडव्या कापावर बघायचं. तिथे सहसा दोन प्रकारचे ठसे असतात. बनवणाऱ्याचा ठसा नीट, एकदाच मारलेला, कधी कधी दातेरी चौकटीतला, सोबत गावाचं नाव. मालकाचा ठसा खोल, जरा वाकडा आणि दोन-तीन ठिकाणी. एकाच रंध्यावर तीन मालकांची नावं सापडणं अगदी सामान्य आहे. ग्लासगोच्या मॅथिसनचे रंधे आपल्या बंदरांच्या गावांत पुष्कळ आले. लाकूड फिकट तांबूस आणि त्यावर बारीक गडद टिकल्या असतील तर ते बीच, म्हणजे विलायती. बाभूळ किंवा शिसव असेल तर अंग इथल्याच सुताराने घडवलं आणि पातं तेवढं विकत घेतलं. दुसऱ्या प्रकाराला लोक कमी लेखतात, ते मला पटत नाही. आपल्या हाताच्या मापाने घडवलेला बाभळीचा रंधा चालवून बघा, कारखान्यातल्या मुठीपेक्षा तो हातात जास्त बसतो.

त्याचं पातं काढताना पाचरीवर लोखंडी हातोडी मारू नका. रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका, पाचर आपोआप सैल होते. पातं वरच्या बाजूला पातळ आणि धारेकडे जाड असतं. ते बदलायची वेळ आली तर असंच निमुळतं जुनं पातं शोधावं लागेल. सरळ जाडीच्या नव्या पात्यावर पाचर नीट बसत नाही आणि रंधा थरथरतो.

पटाश्यांवर 'कास्ट स्टील' असं लिहिलेलं असेल तर ते ओतीव लोखंड समजून टाकून देऊ नका. ही चूक भंगारवाले रोज करतात. शेफिल्डमध्ये बेंजामिन हंट्समन याने 1740 च्या दशकात मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद करायची रीत बसवली. ते पोलाद मुशीतून ओतलं जायचं म्हणून त्याला कास्ट स्टील म्हणत. हे शब्द असलेली पटाशी बहुधा विसाव्या शतकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची, आणि धार धरायला फार चांगली. जुन्या पटाश्यांत आणि रंध्याच्या पात्यांत बऱ्याचदा नरम लोखंडाला पोलादाची पट्टी भट्टीत जोडलेली असते. उतार (धारेकडचा तिरका भाग) नीट घासला की दोन रंगांची सीमा दिसते, मागचं लोखंड करडं आणि धारेकडचं पोलाद उजळ. धारेपासून ही पोलादी पट्टी वर किती उरली आहे ते मोजा. हत्याराचं उरलेलं आयुष्य तेवढंच.

नाव कुठेच नसेल तर पोलादालाच विचारा. धारेजवळ चांगली कानस हलकेच ओढा. कानस घसरली तर पाणी शाबूत आहे, खात सुटली तर उतरलेलं आहे. तज्ज्ञ म्हणवणाऱ्या दहा मतांपेक्षा ही एक परीक्षा भरवशाची.

करवतीच्या पदकावर गरुड किंवा राजचिन्ह आणि 'वॉरंटेड सुपीरिअर' एवढंच असेल तर त्यावरून कारखाना ठरवता येत नाही. ते तयार पदक अनेक कारखाने वापरत. फिलाडेल्फियाच्या डिस्टनचं किंवा शेफिल्डच्या स्पिअर अँड जॅक्सनचं नाव पदकावर सापडलं तर गोष्ट वेगळी. बहुतेक वेळा खरं नाव पात्यावर आम्लाने कोरलेल्या नक्षीत असतं आणि ते गंजाखाली झाकलेलं असतं. म्हणून करवत घासताना सँडपेपरचा कागद नुसत्या बोटांनी दाबायचा नाही. लाकडी ठोकळ्याला 320 नंबरचा कागद गुंडाळून, रॉकेल लावून, पात्याच्या लांबीच्या दिशेने घासायचं. ठोकळा सपाट असल्यामुळे खोलगट नक्षीतला काळा रंग आत टिकतो आणि अक्षरं वर येतात. मुठीजवळ पात्यावर एखादा आकडा ठोकलेला असेल, तो इंचातल्या दातांच्या टोकांचा. दातांच्या ओळीत गंजाने खोल खड्डे पडले असतील तर त्या करवतीवर वेळ घालवू नका. दात घासताना तिथेच तुटतील.

वाकस गावच्या लोहाराचा असणार. त्यावर नाव क्वचितच असतं. धारेला वेगळं पोलाद जोडलेलं दिसलं तर जुन्या पद्धतीचा, आणि पूर्ण अंग एकाच कडक पोलादाचं असेल तर बहुधा ट्रकच्या पाट्यातून घडवलेला, म्हणजे अलीकडचा. दोन्ही कामाचे.

एवढं झालं, नोंदी लिहून ठेवल्या, की मग गंज.

तांबडा गंज स्पंजासारखा असतो, ओलावा धरून ठेवतो आणि खालचं लोखंड खात राहतो. तो काढायचा. त्याखालचा काळसर, घट्ट थर मात्र लोखंडाचं रक्षणच करतो. तो ठेवायचा. हत्यार नव्यासारखं पांढरं करायचं नाही, ही गोष्ट मनात पक्की असेल तर अर्ध्या चुका टळतात.

थोडा गंज असेल तर रॉकेल, स्टीलवूल आणि सवड एवढं पुरतं. पटाश्यांसारख्या सुट्या पोलादी तुकड्यांना लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) चालतं. एका लिटर पाण्यात 40-50 ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात, आणि दर तासाला बाहेर काढून बघायचं. रात्रभर विसरलात तर पोलाद करडं आणि खरखरीत होतं. बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारायचं, लगेच पुसून उन्हात किंवा गरम तव्याजवळ कोरडं करायचं आणि तेल लावायचं. दहा मिनिटं ओलं राहिलं तरी नारिंगी झाक येते. पितळी भाग यात टाकायचे नाहीत, ते गुलाबी पडतात. त्यांना आपली चिंच बरी, तीही थोडाच वेळ.

गंज जाड असेल तर वीज. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, दर चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. जुन्या प्रकारचा 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर घ्या, कारण नवे स्वयंचलित चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय चालूच होत नाहीत. ऋण टोक हत्याराला, धन टोक साध्या लोखंडी सळईला. ही जोडणी उलटी झाली तर हत्यारच झिजेल, म्हणून दोनदा तपासा. सळई स्टेनलेसची अजिबात नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. जस्ताचा मुलामा असलेलीही नको, आणि पाण्यात मीठ टाकू नका, क्लोरीन निघतो. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा हे काम उघड्या पडवीत, ठिणगीपासून लांब. चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. सहा तासांपासून रात्रभरात गंज काळ्या चिखलासारखा सुटतो आणि चांगलं लोखंड जिथल्या तिथे राहतं. एकच अडचण, रंध्याच्या अंगावरचा मूळ काळा रंग यात सुटतो. तुमच्या रंध्यावर तो अजून बराच शिल्लक आहे, म्हणून त्याला बादलीत टाकू नका. रॉकेल आणि स्टीलवूलनेच करा, वेळ लागला तरी चालेल.

अडकलेले स्क्रू हा वेगळा विषय आहे. त्यात तेल सोडून दोन-तीन दिवस थांबा, मग खाचेत बरोबर बसणारा स्क्रूड्रायव्हर वापरा. स्टॅनलेचे आटे आपल्या मेट्रिक मापांशी जुळत नाहीत. बाजारातला जवळपासचा बोल्ट जबरदस्तीने पिळला तर ओतीव अंगातले आटे कायमचे जातात. पातं वर-खाली करणाऱ्या पितळी चाकाचे आटे उलटे, म्हणजे डाव्या हाताचे असतात. ते न फिरणारं चाक लोक चुकीच्या दिशेने पिळतात आणि मोडतात.

रंध्याच्या तोंडाचे दोन्ही कोपरे भिंगाखाली बघा. ओतीव लोखंड ठिसूळ असतं, आणि रंधा कधी खाली पडला असेल तर केसासारखी चीर तिथूनच सुरू होते. चीर असेल तर तो रंधा कपाटात ठेवा, त्यावर मेहनत नको. नसेल तर तळ सपाट करायला जाड काचेवर 120 नंबरचा कागद चिकटवा. पातं आत ओढून ठेवा, पण लीव्हर कॅप कामाच्या वेळी असते तेवढी घट्ट करा, कारण तिच्या दाबाने अंग किंचित वाकतं. तळाचं पुढचं टोक, तोंडाच्या लगतचा पुढचा भाग आणि मागचं टोक, एवढे तीन भाग कागदाला लागले की थांबा. मधल्या खोलगटपणाने कामात काही बिघडत नाही.

मागची मूठ वरून तुटली आहे, ती फेकू नका. जुन्या स्टॅनलेच्या मुठी ब्राझिली शिसवीच्या, नंतरच्या रंगवलेल्या साध्या लाकडाच्या. तुमची शिसवी असेल तर सह्याद्रीतली आपली शिसव त्याच कुळातली आहे. रेषा जुळवून एक तुकडा जोडा, सांधा सपाट करून अराल्डाइट लावा, मग आकार द्या. लाकडी अंगाला जवसाचं तेल पातळ हाताने लावून पुसून काढा. तेल पुसलेली फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. तारेवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. मुठींवर जुना जाड रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, मास्क लावा.

धार लावणं हे लिहून सांगण्यापेक्षा हाताने शिकायचं काम आहे, तरी दोन गोष्टी सांगतो. पहिली, पात्याची मागची सपाट बाजू धारेलगत निदान सेंटीमीटरभर आरशासारखी व्हायला हवी. तिथे गंजाचे खड्डे राहिले तर कितीही घासा, धार दातेरीच येईल, आणि खड्डे संपेपर्यंत पातं मागे न्यावं लागेल. दुसरी, उतार 25 अंशांचा आणि टोकाला 30 अंशांचा बारीक दुसरा उतार. यासाठी यांत्रिक ग्राइंडर वापरायचाच असेल तर क्षणाक्षणाला पाण्यात बुडवा. जुनं कार्बन पोलाद पिवळं पडलं तर सावध व्हा. निळं झालं की तिथलं पाणी उतरलं. निळा भाग पूर्ण काढून टाका. तो फार खोल असेल तर जाणत्या लोहाराकडून पुन्हा पाणी द्यायला लागेल: चुंबक चिकटायचं थांबेपर्यंत, म्हणजे सुमारे 770 अंश सेल्सिअसच्या थोडं वर तापवून तेलात विझवणं, आणि मग गवती पिवळा रंग येईपर्यंत हलकं तापवणं.

कोकणात ठेवणार असाल तर पावसाळ्याआधी सगळ्यांना शिलाई मशीनचं तेल. खोबरेल किंवा शेंगतेल लावू नका, ते कालांतराने चिकट आणि आंबूस होतं. पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून हातभर लांब.

विकण्याबद्दल तुम्ही विचारलंत. इंग्लिश नं. 5 दुर्मिळ नाही, आणि असे रंधे पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात अधूनमधून दिसतात. पैशाच्या हिशेबाने फार आशा धरू नका. कामाच्या हिशेबाने मात्र एक नं. 5, दोन चांगल्या पटाश्या आणि धार केलेली करवत एवढ्यावर घरातलं जवळपास सगळं लाकूडकाम होतं. सुरुवात सगळ्यात साध्या, बिननावाच्या पटाशीपासून करा. तिच्यावर गंज काढणं, मागची बाजू सपाट करणं आणि धार लावणं हे सगळं जमलं, की मग रंध्याला हात लावा, आणि रेल्वेचा ठसा सापडलेल्या पटाश्या असतील तर त्या सगळ्यात शेवटी.